भाऊसाहेब हलके होतात

गालिच्यात चार खळगे होते. प्रत्येक खळगा बाटलीच्या झाकणाएवढा, आणि करंगळीचं एक पेर सहज आत जाईल इतका खोल. चारही मिळून एक चौकोन होत होता, वीतभराहून थोडा मोठा. मी खाली वाकून ते बघत होते, कारण हॉलमधली बाकीची दीडशे माणसं वर बघत होती आणि वर बघायचं काम त्यांनी चोख चालवलं होतं.

वर, म्हणजे समोरच्या चौथऱ्यावर, पीसबुवा उभे होते. भक्त त्यांना महाराज म्हणत. पीसबुवा हे नाव माझ्या वहिनीने ठेवलेलं, कारण त्यांच्या हातात कायम एक लांब पांढरं पीस असे. बोलताना ते पीस हवेत असं फिरवत, की जणू अदृश्य जळमटं काढताहेत.

"सांगा, वजन कुठे असतं?"

"पोटात!" पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"चूक! पोट ही नुसती पिशवी. पिशवीला कुणी दोष देतं का? वजन असतं मनात. चिंता म्हणजे चरबी! चिंता सोडा, चरबीला राहायला घर उरत नाही. भाडेकरूसारखी आपोआप सामान उचलते!"

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी उभा असलेला माझा थोरला भाऊ सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता, आणि मी तिथे आले होते ती त्याच्यामुळेच.

हा हॉल एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. दाराजवळ जाड लोकरीचा गालिचा, पाऊल ठेवलं की मांजरीच्या अंगावर ठेवल्यासारखं वाटावं असा. त्याला 'भारासन' म्हणायचं. पलीकडे खिडकीखाली उघडी गुळगुळीत फरशी. ती 'मुक्तशिळा'. आलेल्या माणसाने चपला काढून आधी भारासनावरच्या वजनकाट्यावर उभं राहायचं. काटा साधा, घरात न्हाणीघरात असतो तसला, गोल तबकडीचा. पांढऱ्या कपड्यांतला एक शिष्य आकडा मोठ्याने वाचे. मग पाऊण तास डोळे मिटून श्वास सोडायचे. शेवटी पीसबुवा प्रत्येकाच्या कपाळावरून पीस फिरवत. तेवढं झालं की शिष्य तोच काटा उचलून खिडकीखाली नेई.

"एक्क्याऐंशी होते," शिष्य ओरडला. "आता पंचाहत्तर!"

"काटा बदलला?" पीसबुवांनी विचारलं.

"नाही!" दीडशे गळे.

"माणूस बदलला?"

"नाही!"

"मग गेलं ते काय?"

"जडत्व!"

बेकरीवाल्या बाई काट्यावरून उतरल्या आणि डोळे पुसत जागेवर गेल्या. मी त्यांच्या चालण्याकडे बघितलं. सहा किलो म्हणजे पाण्याने भरलेली छोटी बादली. एवढी बादली हातातून खाली ठेवलेला माणूस जसा चालेल, तशा त्या चालत नव्हत्या.

"बघितलंस?" दादा माझ्या कानात म्हणाला. "आता तुझं विज्ञान काय म्हणतं?"

"अजून काही म्हणत नाही. बघतंय."

दादा शिंपी आहे. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान, पुढे कापायचं टेबल, मागे दोन मशिनी, वर आमचं घर. वहिनी काजं-बटणं आणि हिशेब सांभाळते. मी वजनमापांच्या कार्यालयात आहे. दुकानदारांचे काटे तपासणं हे माझं काम. भौतिकशास्त्र शिकून शेवटी काय, तर बटाटे नीट तोलले जातात की नाही ते बघते, असं दादा पाहुण्यांना सांगतो.

दादाला सहा वर्षांपासून मधुमेह आहे. वजन शहाण्णव किलो. आमच्या डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या, पण चिवट. वर्षभरापूर्वीच त्यांनी त्याला सांगितलं होतं, "एकदम बारीक व्हायचं नाहीये तुम्हाला. आहे त्या वजनातलं शंभराला पाच ते सात, एवढं उतरवा. तेवढ्यानेसुद्धा इन्सुलिन नीट काम करायला लागतं, साखर हलते, रक्तदाब हलतो."

"एवढंच? ते तर दिसणारही नाही, बाई."

"लोकांना नाही दिसणार. रक्ताला दिसेल. मात्र आकडा तुम्ही ठरवा. किती, आणि किती दिवसांत. मी सांगितलेला आकडा माझा राहतो, तुमचा होत नाही."

दादा म्हणाला, पुढच्या वेळी सांगतो. पुढच्या वेळी म्हणाला, घरात विचारून सांगतो. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाला, सीझन संपू दे. असं चार वेळा झालं. मला कारण कळत होतं. थोडंसं उतरवतो म्हणायची त्याला लाज वाटत होती आणि खूप उतरवतो म्हणायची हिंमत नव्हती. शिंप्याच्या दुकानात दिवसभर दुसऱ्यांच्या कमरेचे आकडे मोठ्याने ओरडायचे असतात. स्वतःचा एक आकडा मात्र त्याच्या घशाखालून वर येईना.

तो आकडा पीसबुवांनी फुकट दिला. पहिल्याच बैठकीत त्यांनी पिसाचं टोक दादाच्या कानाला लावलं आणि पुटपुटले, "बासष्ट. महिनाभरात."

"त्यांना कसं कळलं?" दादा घरी येऊन थरारून सांगत होता. "लग्नात मी बरोब्बर बासष्ट होतो!"

"लग्नात सगळेच बासष्ट असतात," वहिनी म्हणाली. "आपल्या लग्नात तुम्ही झुळुकभर वाऱ्याने उडाला असतात. मी सूटला आतून तीन टाचण्या मारलेल्या मला आठवतात."

"आणि भारासनावर माझं वजन एकशे चार निघालं. डॉक्टरीणबाईंकडे तीन महिन्यांपूर्वी शहाण्णव होतं. म्हणजे बघ किती वाढलेलं! आणि पीस फिरवल्यावर? पुन्हा शहाण्णव! आठ किलो एका बैठकीत!"

मी शहाण्णव आणि पुन्हा शहाण्णव हे दोन आकडे मनात शेजारी-शेजारी ठेवले.

घरच्या काट्यावर चढायला पीसबुवांनी मनाई केली होती. घरचा काटा म्हणे माया दाखवतो. आणि घरी गेलं की जडत्व पुन्हा अंगावर बसतं, म्हणून दर आठवड्याला यायचं. ही सोय इतकी चांगली होती की लोक कमी झालेल्या किलोंची बेरीज करू लागले होते. टपालवाले काका तर भेटेल त्याला सांगत.

"चोपन्न किलो उतरवले मी! नऊ बैठका, दर बैठकीला सहा."

"काका, सुरुवातीला किती होतात?" मी विचारलं.

"सत्त्याहत्तर."

"म्हणजे आता तेवीस उरले."

काकांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. पोट जागेवर होतं. "ते तसं नसतं गं," ते म्हणाले आणि सायकलवर बसले. सायकलचं मागचं चाक नेहमीसारखंच दबलं.

मला पहिली शंका काट्याची नव्हे, कपड्यांची आली. दीडशे माणसं दर आठवड्याला पाच-सहा-आठ किलो हलकी होत होती, पण बाजारपेठेतल्या या एकुलत्या एक शिंप्याकडे कुणीही पँट आत घ्यायला आलं नव्हतं. एकसुद्धा नाही. उलट बेकरीवाल्या बाई ब्लाउज सैल करायला टाकून गेल्या होत्या. मी हे दादाला दाखवलं.

"लोक लाजत असतील," तो म्हणाला.

"तुझी कंबर मोज."

त्याने गळ्यातली टेप काढली, कमरेला गुंडाळली आणि सोडून पुन्हा गुंडाळली.

"किती?" वहिनीने विचारलं.

"बेचाळीस." गेल्या वर्षीही बेचाळीसच होती. दादाने टेप उजेडात धरून पाहिली. "जुनी झालीय. ताणली गेलीय."

"दादा, तू तीस वर्षं टेप वापरतोयस. ताणलेली टेप कमी दाखवते की जास्त?"

त्याने टेप पुन्हा गळ्यात टाकली. ताणलेल्या टेपवर इंच लांब होतो, म्हणजे आकडा कमी येतो. टेप खरंच ताणली असेल तर कंबर बेचाळीसच्या वर होती. शिकाऊ शिंप्यालाही हे कळतं. पण माणसाने एकदा ठरवलं, की तो गुरूला सोडून टेपला खोटं पाडतो.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग तो मंगळवार आला.

बासष्ट गाठायचं म्हणून दादाने सकाळचं खाणं सोडलं, मग दुपारचं. पीसबुवांनी 'रिकामं पोट म्हणजे उघडं दार' असं सांगितलं होतं. गोळी मात्र चालू होती, कारण ती रोज सकाळी वहिनी त्याच्या हातावर ठेवायची आणि उपाशीपणाचा तिला पत्ताच नव्हता. वरून आलेला डबा तो मशिनीखाली लपवायचा. साखर उतरवणारी गोळी पोटात, आणि वर अन्नाचा कण नाही.

दुपारी तीनच्या सुमारास मी कार्यालयातून लवकर आले. दादा टेबलावर एका गिऱ्हाइकाचा कोट कापत होता. खडूची रेघ सरळ होती, कात्री मात्र रेघ सोडून चालली होती. तीस वर्षांत त्याची कात्री रेघ सोडून गेलेली मी पाहिली नव्हती. कपाळावर घाम, बोटं थरथरत.

"दादा, थांब."

"काही नाही," तो जड जिभेने म्हणाला. "महाराज म्हणाले... थरथर झाली की समजायचं... जडत्व सुटतंय."

वहिनीने मागून येऊन त्याच्या हातातून कात्री काढून घेतली. मी साखर मोजायचं यंत्र काढून त्याचं बोट टोचलं. बावन्न. सत्तरच्या खाली गेली की सावध व्हायचं असतं. वहिनीने पेलाभर पाण्यात तीन मोठे चमचे साखर ढवळली आणि त्याच्या ओठांना लावली. पंधरा मिनिटं आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना स्टुलावर बसलो. पुन्हा बोट टोचलं, एकाण्णव. तेव्हा कुठे वहिनीने त्याला बिस्किटं दिली आणि मग मशिनीखालचा डबा काढून त्याच्यासमोर ठेवला.

"खा," ती म्हणाली. एवढंच. ती एका शब्दात बोलते तेव्हा घरात कुणी दुसरा शब्द काढत नाही.

डॉक्टरीणबाईंना लगेच फोन केला. त्या म्हणाल्या, उद्यापासून तिन्ही वेळा जेवण, गोळीचं मी बघते, शनिवारी सकाळी घेऊन या. दादाने मान हलवली. पण संध्याकाळी, पोटात अन्न पडून आवाज परत आल्यावर, तो म्हणाला, "बैठकीला मी जाणार. डबा खाऊन जाईन. पण आठ किलो कमी होतात ते मी स्वतः बघितलंय. डोळ्यांनी."

दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्यांकडून तसलाच गोल तबकडीचा काटा मागून आणला. कार्यालयाच्या वहीत सही करून वीस-वीस किलोची तीन लोखंडी मापं घरी आणली. त्यांच्यावर शिशात ठोकलेला सरकारी शिक्का असतो. फरशीवर काटा ठेवून तिन्ही मापं चढवली. साठ. मग वहिनीच्या जुन्या जाड रजईच्या चार घड्या केल्या, काटा तिच्यावर ठेवला. चौसष्टच्याही पुढे.

"अगं बाई," वहिनी म्हणाली. "लोखंड लठ्ठ झालं?"

मी तिला काटा उलटा करून दाखवला. खाली पातळ पत्रा, चार कोपऱ्यांत चार पाय, आत लहान तरफा. कडक फरशीवर ओझं आलं की पत्रा मधोमध किंचित वाकतो, तरफांचे टेकू जरा आत झुकतात. कारखान्यात काटा फरशीवरच जुळवतात, त्या वाकण्यासकट. मऊ जाड गालिच्यात मात्र पाय बुडतात, पत्रा सबंध टेकतो, वाकायचं थांबतो. टेकू सरळ राहतात आणि आकडा फुगतो. फरशीवरचा आकडा खरा. खोटा असतो तो आधीचा.

"म्हणजे तो मेला शेवटी वजन कमी करतच नाही," वहिनी हळूहळू म्हणाली. "आधी वाढवतो."

"हो. आणि त्याला ते माहीत आहे. मागच्या बैठकीत शिष्याने काटा गालिच्याच्या कडेला ठेवला तर प्रवचन अर्ध्यावर तोडून म्हणाला, 'मधोमध ठेव, बाळा.' ज्याला काट्याचं काही पडलेलं नाही, त्याला वीतभर जागेचं एवढं का पडावं?"

दादाला खाली बोलावून दाखवलं. त्याने दोनदा करायला लावलं, मापं हाताने चढवून पाहिली. मग म्हणाला, "लोखंडाचं लोखंडाला. मी माणूस आहे. महाराजांचं पीस कुठेय यात?"

मी चिडले असते. वहिनी चिडली नाही. ती दुकानाच्या काचेतल्या पुतळ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आमच्या घरात फार थोड्या वेळा पाहिलंय.

"वन्सं," ती म्हणाली, "आपल्या भाऊसाहेबांची तब्येत हल्ली जरा सुटल्यासारखी नाही वाटत?"

भाऊसाहेब म्हणजे दुकानातला कोट घालून ठेवायचा पुतळा. कापड आणि पुठ्ठ्याचा, आतून पोकळ, बूड सपाट, कपड्यांसकट दोन किलो वजन. त्यांना डोकं नाही. पण त्या रांगेत उभं राहायला डोकं लागत होतं असंही नाही.

शुक्रवारी संध्याकाळी भाऊसाहेब चाकांच्या ढकलगाडीवर बसून हॉलमध्ये आले. अंगात करडा कोट, गळ्यात मफलर, पोटात माझी तीन मापं. सामानाच्या लिफ्टमधून आम्ही त्यांना वर आणलं तेव्हा दारातच हशा पिकला.

"हे काय?" शिष्य दचकला.

"आमचे भाऊजी," वहिनी म्हणाली. "लांबचे. मौनात असतात."

"बाई, ही काय थट्टा आहे?"

"थट्टा कसली? महाराज म्हणतात, दारात आलेल्या कुणालाही परत पाठवत नाही. आणि यांना चिंता खूप. दिवसभर काचेत उभं राहायचं, लोक येऊन अंगावरचे कपडे काढून नेतात."

दीडशे माणसं खो-खो हसत होती. दादा कोपऱ्यात लाल होऊन उभा होता. पीसबुवा चौथऱ्यावरून खाली उतरले. मला वाटलं, हाकलणार. पण त्यांनी एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा गालिच्यावरच्या काट्याकडे पाहिलं आणि हसले. ते हसू मी ओळखलं. दुकानदार आपल्या काट्याबद्दल निश्चिंत असतो तेव्हा असंच हसतो.

"हसू नका," ते गंभीर आवाजात म्हणाले. "या माउलीने आज माझी परीक्षा घेतलीय. ठीक आहे! सजीवाला तर मी हलकं करतोच. आज निर्जीवालाही करीन. बघा, माझं पीस अचेतनातूनही जडत्व कसं काढतं ते!"

टपालवाल्या काकांनी हात जोडले.

भाऊसाहेबांना चौघांनी मिळून गालिच्यावरच्या काट्यावर चढवलं.

"सदुसष्ट!" शिष्य ओरडला.

भाऊसाहेबांनी श्वास सोडावेत अशी अपेक्षा कुणी ठेवली नाही, त्यामुळे पाऊण तास वाचला. पीसबुवांनी कपाळ शोधलं, ते सापडेना, तेव्हा कॉलरवरून पीस फिरवलं. काटा खिडकीखाली गेला. मागोमाग भाऊसाहेब.

"बा... बासष्ट!" शिष्याचा आवाज फाटला.

हॉल नुसता उसळला. माणसं खुर्च्यांवर चढली. बेकरीवाल्या बाई रडायला लागल्या. पीसबुवा पीस उंच धरून गोल फिरले. "निर्जीवसुद्धा! निर्जीवसुद्धा!"

गोंधळ ओसरेपर्यंत मी थांबले. मग पुढे जाऊन भाऊसाहेबांच्या कोटाची बटणं सोडली आणि पोटातली तिन्ही मापं एकेक करून फरशीवर ठेवली. शेवटचं ठेवताना ठण्ण आवाज झाला.

"ही सरकारी मापं आहेत," मी म्हणाले. मला मोठ्याने बोलता येत नाही, पण तेव्हा कुणी बोलतच नव्हतं. "प्रत्येक वीस किलो. तीन म्हणजे साठ, पुतळा कपड्यांसकट दोन, झाले बासष्ट. घरून निघताना बासष्ट होते. आता बासष्ट आहेत. महाराज, तुम्ही यांचं काहीच कमी केलेलं नाही. मग मधे सदुसष्ट कुठून आले?"

"श्रद्धा नसलेल्या माणसाला..." पीसबुवांनी सुरुवात केली.

"काका," मी टपालवाल्या काकांना म्हणाले, "तुमची श्रद्धा आहे ना?"

"आहे की!"

"मग तुम्हीच काटा गालिच्यावर ठेवा."

काकांनी ठेवला. वहिनीने मापं पुन्हा पोटात भरली, दोघांनी भाऊसाहेबांना चढवलं. काकांनी चष्मा वर करून वाचलं.

"सदुसष्ट." मग आणखी वाकून, "पुन्हा?"

"भाऊसाहेबांनी एका मिनिटात पाच किलो खाल्लं," वहिनी म्हणाली. "आता पीस नको, श्वास नको. परत फरशीवर न्या."

बासष्ट. पुन्हा गालिचा, सदुसष्ट. चौथ्या खेपेला तर लोकच मोठ्याने म्हणू लागले, "सदुसष्ट!" आणि "बासष्ट!" काकांच्या कपाळावर घाम आला, पण ते थांबेनात. मी काटा उलटा करून पत्रा दाखवला, तो फरशीवर कसा वाकतो आणि गालिच्यात का वाकत नाही ते सांगितलं. पुढच्या रांगेतल्यांनी गालिच्यातले खळगे बोटं घालून पाहिले.

"काट्यात खोट असेल तर मला काय ठाऊक?" पीसबुवा म्हणाले. "मी संसारातल्या वस्तूंकडे बघतही नाही!"

"पण महाराज," शिष्य गोंधळून म्हणाला, "तुम्हीच तर दर वेळी सांगता ना, मधोमध ठेव म्हणून? मागच्या बैठकीत कडेला ठेवला तर मला शिव्या पण दिल्यात."

एवढं झाल्यावर पीसबुवांना तातडीने ध्यानाला बसायचं आठवलं. ते मागच्या दाराने गेले. पीस गालिच्यावरच राहिलं. कुणी उचललं नाही, कुणी तुडवलंही नाही.

लोक जागेवरून हलेनात. मग बेकरीवाल्या बाई एकदम म्हणाल्या, "म्हणजे मी इतके दिवस... माझं खरं वजन काय मग?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादी वस्तू हरवल्यासारखा आवाज होता.

"फरशीवरचं," मी म्हणाले. "ते पहिल्या दिवशीही तेच होतं. आणि एवढं ऐका. काटा बघताना काट्याखाली काय आहे तेही बघा. जो म्हणतो घरी तपासू नका, त्याच्याकडे तर दोनदा तपासा. तासाभरात किलो जात नाहीत. आठवड्याला अर्धा किलो गेला तरी पुष्कळ झाला, आणि तो जेवण सोडून नाही, जेवण नीट करून जातो. ज्यांना साखरेच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी आपल्या मनाने उपाशी राहू नका, गोळीही आपल्या मनाने सोडू नका. आमच्या घरात मंगळवारी काय झालं ते मी पाहिलंय."

दादाने मान खाली घातली. मग तो गर्दीतून वाट काढत पुढे आला. सगळ्यांसमोर चपला काढल्या आणि फरशीवरच्या काट्यावर उभा राहिला. वाकून स्वतःच वाचलं.

"शहाण्णव," तो म्हणाला.

वहिनी भाऊसाहेबांच्या कोटाची बटणं लावत होती. "आणि हे बासष्ट," ती म्हणाली. "बघा हो, तुम्हाला व्हायचं होतं ते. डोकं नाही, पाय नाहीत, आतून पोकळ."

सगळ्यात आधी दादाच हसला.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंसमोर बसलो होतो. त्यांनी दादाचा रक्तदाब पाहिला, आठवड्याच्या साखरेचे आकडे पाहिले, गोळी बदलून दिली, आणि उपाशी राहिल्याबद्दल आवाज न चढवता पाच मिनिटं असं झाडलं की दादा खुर्चीत निम्मा झाला. हॉलमधली हकीकत वहिनीने हातवारे करून सांगितली तेव्हा मात्र त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

मग त्यांनी पेन उचललं. "बरं. वर्ष झालं मला विचारून. किती?"

"पंच्याऐंशी लिहा, बाई," वहिनी म्हणाली.

"ताई, शरीर कुणाचं?"

वहिनी खुर्चीत मागे सरकली. मलाही काहीतरी म्हणायचं होतं, पाच टक्के म्हणजे किती, सात टक्के म्हणजे किती, आकडेमोड ओठांवर होती. मी ती गिळली. बाहेर कंपाउंडर कुणाचं तरी नाव पुकारत होता. दादा गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, आणि गिऱ्हाइकाचं माप घेताना त्याचे ओठ हलतात तसे हलत होते.

"नव्वद," तो म्हणाला. घसा खाकरून त्याने पुन्हा, या वेळी दुकानात ओरडतो तशा आवाजात, सांगितलं. "नव्वद किलो. सहा महिन्यांत. आणि नाही जमलं, तर नाही जमलं हे पण इथे येऊन मीच सांगीन."